दिघी, दौंड, आर्वीची आठवण कोण ठेवणार?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. गेल्या रविवारच्या पुरवणीत दूरसंचाराच्या इतिहासावर तुम्ही पानभर लेख छापला तो मी दोनदा वाचला. लेख चांगला होता, मुलांना सहज कळेल असा होता, त्याबद्दल मनापासून आभार. पण वाचून झाल्यावर दिवसभर चैन पडेना म्हणून हे लिहायला बसले. पत्र लांबणार आहे, कापावं लागलं तर कापा, फक्त दिघी-दौंडच्या वायरलेसचं आणि शेवटी तार मास्तरांचं लिहिलंय तेवढं ठेवा.

लेखात तारेचे मोर्स आले, टेलिफोनचे ग्रॅहम बेल आले, बिनतारीचे मार्कोनी आले आणि मग एकदम मोबाइल आला. सगळं बरोबरच आहे. पण हे वाचून आपल्याकडच्या मुलाला असंच वाटणार ना की जे काय झालं ते तिकडे झालं, आपल्याकडे नुसती तयार वस्तू खोक्यातून उतरली आणि आपण वापरायला लागलो. असं नाहीये. यातलं केवढं तरी आपल्या पुणे जिल्ह्यात, मुंबईत झालंय, आणि ते रोज चालवणारी माणसं अगदी आपल्या आजूबाजूची होती, त्यातली काही अजून हयात आहेत. मी स्वतः १९७९ साली, वीस वर्षांची असताना, ट्रंक एक्स्चेंजला, म्हणजे बाहेरगावचे फोन हाताने जोडून देतात तिथे, ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हा हे मी ऐकीव सांगत नाहीये.

सध्या मी मुलाकडे आळंदी रोडला राहते. इथून दिघी अगदी जवळ. आमच्या सोसायटीत बरीच शिकलेली मंडळी आहेत, आयटीवाले तर दर मजल्यावर, रोज लंडन-अमेरिकेच्या मीटिंगा घरातून करतात, आणि यातल्या एकालाही माहीत नव्हतं की हिंदुस्थानातून इंग्लंडला बिनतारी संदेश नियमित जायला लागले ते इथूनच. २३ जुलै १९२७. मार्कोनीची बीम वायरलेस म्हणतात ती. संदेश पाठवायचं स्टेशन खडकीजवळ दिघीला आणि तिकडून आलेले संदेश पकडायचं स्टेशन दौंडला. दोन्ही एकाच जागी का नाही असं मला बरेच जण विचारतात, तर पाठवणारं यंत्र एवढ्या जोरात ओरडत असतं की हजारो मैलांवरून आलेली बारीकशी लहर शेजारी बसून ऐकूच येणार नाही, म्हणून कान लांब नेऊन ठेवला, दौंडला. आणि संदेश हाताळणारी माणसं बसायची मुंबईत, तिथून जमिनीवरच्या तारेने दिघीला आणि दौंडहून तसंच मुंबईला.

यातली खरी गंमत लहरींची आहे. आधी सगळ्यांची समजूत अशी की लांब जायचं तर लांब लहर पाहिजे, त्याला अवाढव्य मनोरे आणि भयंकर वीज लागणार. मार्कोनीच्या लोकांनी उलटं केलं, छोट्या लहरी घेतल्या, उंच खांबांवर तारांचे पडदे टांगून त्या लहरी बॅटरीच्या झोतासारख्या एका दिशेला सोडल्या. वर आकाशात विद्युतभारित हवेचा जो थर आहे, आयनांबर म्हणतो आपण, त्यावर त्या आपटून खाली येतात, परत वर जातात, असं करत इंग्लंड गाठतात. कमी विजेत, कमी खर्चात. पुढे १९३३ पासून वायरलेसवरून मुंबई-लंडन टेलिफोनवर बोलणंसुद्धा सुरू झालं. म्हणजे आज ज्या रस्त्याने आमची मुलं कंपनीच्या बसने जातात त्याच्या आसपासच्या माळावरून एका काळी अख्ख्या देशाचा निरोप बाहेर जात होता आणि तिथे साधी पाटी नाही, निदान मला तरी इतक्या वर्षांत कुठे दिसली नाही.

आता थोडं मागे जाते. पानिपतची बातमी शाळेत सगळ्यांनीच वाचलेली असते, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. १४ जानेवारी १७६१ ची लढाई आणि सावकाराची ती चिठ्ठी नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडली दहा दिवसांनी, तीसुद्धा ते मदतीला उत्तरेकडे निघाले होते त्या वाटेवर. कासिद पळत होते, घोडी बदलत होते, आणि तरी दहा दिवस. चिठ्ठी वाटेत कोणी फोडली तर कळू नये म्हणून मोती आणि मोहरा. मला ती चिठ्ठी आठवली की नेहमी मुंबईच्या कापूसवाल्यांच्या आणि सराफांच्या तारा, म्हणजे टेलिग्राम, आठवतात, तेही असंच करायचे, एका शब्दात अख्खा सौदा, एक शब्द कमी झाला की तेवढे पैसे वाचले आणि शेजारच्याला पत्ता नाही. पेढ्यांच्या लेटरहेडवर तारेचा पत्ता म्हणून एकच शब्द छापलेला असायचा, जुन्या लोकांनी पाहिलेला असेल.

पानिपतनंतर शंभर वर्षं व्हायच्या आत तार आली. विल्यम ओ'शॉनेसी नावाचा आयरिश डॉक्टर, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात शिकवायचा, त्याने १८३९ मध्येच कलकत्त्याजवळ मैलोनमैल तार ताणून संदेश पाठवून दाखवला होता. दहाएक वर्षं कोणी लक्ष दिलं नाही. मग गव्हर्नर जनरल डलहौसीने मनावर घेतलं, आधी कलकत्ता ते डायमंड हार्बर, मग १८५४ च्या मार्चमध्ये कलकत्ता ते आग्रा, पुढे आग्र्याहून इंदूरवरून मुंबई आणि मुंबईहून मद्रास. फेब्रुवारी १८५५ मध्ये सामान्य माणसाला पैसे भरून तार करता यायला लागली. ओ'शॉनेसीने सुरुवातीला बारीक तार न वापरता चांगली जाड लोखंडी सळई वापरली, म्हणजे वर माकडं लटकली, घारी-कावळे बसले तरी तुटायला नको. हे युरोपातल्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नव्हतं, इथे उभं राहून सुचलेलं आहे.

आणि ओ'शॉनेसीचं नाव तरी कुठेतरी येतं, त्याच्याबरोबरच्या शिवचंद्र नंदी यांचं येत नाही. बंगाली माणूस, ती पहिली लाइन उभी करण्यापासून चालवण्यापर्यंत सगळ्यात होता. पुढे पद्मा नदीतून केबल टाकायची होती तेव्हा त्यांनी कोळ्यांच्या होड्या घेतल्या आणि त्यातून केबल पार नेली. किती साधी गोष्ट, पण ज्याला नदी माहीत आहे त्यालाच सुचणार. मला विचाराल तर तुमच्या पानावर मोर्स साहेबांच्या फोटोशेजारी नंदींबद्दल चार ओळी पाहिजे होत्या.

इंग्रजांनी ही तार आपल्या सोयीसाठी टाकली नव्हती हे मला चांगलं माहीत आहे. १८५७ ला तिचा त्यांना केवढा उपयोग झाला ते सगळ्यांना माहीत आहे, आणि म्हणूनच ४२ च्या चळवळीत आमच्या सातारकडे पोरं पहिलं काय करायची तर तारा तोडायची. आमच्या गावातल्या ज्या म्हाताऱ्यांनी त्या तोडल्या होत्या तेच स्वातंत्र्यानंतर गावात पोस्ट आणि तार पाहिजे म्हणून तालुक्याला हेलपाटे घालत होते. दोन्ही वेळेला त्यांचं बरोबरच होतं.

समुद्राखालची केबलसुद्धा मुंबईचीच गोष्ट आहे. १८७० च्या फेब्रुवारीत ग्रेट ईस्टर्न नावाचं जहाज, त्या काळातलं जगातलं सगळ्यात मोठं, मुंबईहून केबल सोडत सोडत एडनला गेलं. आत तांब्याची तार, वरून गटापर्चाचा थर, गटापर्चा म्हणजे मलायाकडच्या झाडांचा चीक, खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहतो. त्याच वर्षी जूनमध्ये लंडन-मुंबई जोडलं गेलं. त्याआधी जमिनीवरून इराण-तुर्कस्तानमार्गे संदेश यायचे, दहा ठिकाणी दहा भाषांच्या माणसांच्या हातातून, कित्येकदा दिवसच्या दिवस लागायचे आणि मजकुराचा पार चुथडा होऊन यायचा. आता मिनिटांवर आलं. आणि ही गोष्ट जुनी झाली असं अजिबात नाही, आजही लोकांना वाटतं इंटरनेट सॅटेलाइटवरून येतं, पण देशाबाहेरचं जवळजवळ सगळं समुद्राखालच्या केबलमधून येतं आणि त्यातल्या बऱ्याच केबल मुंबईला, वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. तांब्याऐवजी काचेचा धागा, एवढाच फरक. गाव तेच.

आता माझ्या कामाचं सांगते, कारण हे लेखात मुळीच नव्हतं.

ट्रंक कॉल म्हणजे काय हे तिशीतल्या माणसालासुद्धा आता समजावून सांगावं लागतं. तुम्ही कॉल बुक करायचा, मी तिकिटावर लिहायची, कुठून, कुठे, कोणता नंबर, साधा का अर्जंट का त्याहून तातडीचा लायटनिंग, पीपी म्हणजे ठरावीक माणसालाच बोलावून द्यायचा कॉल आहे का, आणि मग ते तिकीट लाइन मोकळी होईपर्यंत वाट बघत पडायचं. समोर बोर्ड, त्यात शेकडो भोकं, प्रत्येक भोकाला एक लाइन, हातात दोन टोकांच्या कॉर्ड. डोक्याला हेडसेट, छातीवर माउथपीस. आमच्याकडून मुंबई लावायची तर आधी पुणे, पुण्याची ऑपरेटर मुंबईला मागणार, मुंबईची तो नंबर लावणार, म्हणजे एका कॉलमागे तीन बायका. बोलणं सुरू झालं की तिकिटावर वेळेचा ठसा मारायचा आणि तीन मिनिटं झाली की मध्ये जाऊन सांगायचं. पुण्याच्या एका ताईंचा आवाज मी सहा वर्षं रोज ऐकला, त्यांना सर्दी झालेली मला कळायची, मुलीची परीक्षा कधी ते माहीत असायचं, आणि चेहरा पहिल्यांदा पाहिला तो त्यांच्या रिटायरमेंटच्या कार्यक्रमात.

तारा उघड्या, खांबावरून जाणाऱ्या. पावसाळ्यात खांबावरच्या चिनी मातीच्या इन्शुलेटरवर ओल धरली की लाइनमध्ये नुसती खरखर. तांबं चोरणारे तर कायमचेच. लाइनमन सायकलला शिडी बांधून, कमरेला पट्टा लावून भर पावसात निघायचे, एकेक खांब बघत बघत, आणि लाइन सुधारली की खांबावरूनच टेस्ट फोन लावून मला विचारायचे, ताई आता कसं येतंय. त्या माणसांची नावं कुठल्या इतिहासात येणार?

८२ सालचा पावसाळा माझ्या डोक्यातून जात नाही. १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला होता, अडीच लाखाच्या आसपास कामगार, त्यातले कितीतरी आमच्या भागातले. पोस्टातल्या फोनवर बायका यायच्या, नवरा लालबाग-परळला चाळीत, फोन खालच्या वाण्याच्या दुकानात, म्हणून पीपी कॉल. वाणी पोऱ्याला वर पिटाळणार, माणूस तीन जिने उतरून येणार. त्या दिवशी लाइन इतकी खराब की बाईला काहीच ऐकू येईना. ऐकायचं नाही हा आमचा नियम, पण अशा वेळी मध्ये बोलावंच लागायचं. बाई म्हणाली, त्यांना म्हणावं भात लावायचंय, माणूस मिळत नाही, दोन दिवस या. मी ते तसंच्या तसं सांगितलं. तिकडून तो म्हणाला, तिला सांगा गाडीभाड्याला पैसे नाहीत. हे मी तिला कसं सांगायचं ते मला दोन सेकंद कळेना. मग मी सांगितलं. ती म्हणाली, बरं, म्हणावं तब्येतीला जपा. तीन मिनिटं झाली होती, मी मध्ये गेले नाही, थोडी जास्तच वेळ लाइन ठेवली. आज एवढ्या वर्षांनी लिहायला काही हरकत नाही.

आर्वीबद्दल तर लिहायलाच पाहिजे. नारायणगावजवळच्या आर्वीला १९७१ मध्ये उपग्रह केंद्र सुरू झालं, उपग्रहावरून परदेशाशी बोलणारं देशातलं पहिलं व्यापारी केंद्र, जवळजवळ ३० मीटर व्यासाची डिश, चारी बाजूंनी डोंगर म्हणून बाहेरच्या लहरींचा त्रास कमी. विक्रम साराभाईंचं त्याच वर्षी ३० डिसेंबरला निधन झालं आणि केंद्राला त्यांचं नाव दिलं. तोपर्यंत परदेशी कॉल म्हणजे वायरलेसवर लाटेसारखा येणारा जाणारा आवाज, उपग्रहाने तो एकदम स्वच्छ झाला. पण उपग्रह ३६,००० किलोमीटर वर, आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर यायला अजून पाव. अर्धा सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं पण तेवढ्यात माणूस दोनदा हॅलो म्हणतो आणि दोघांचं बोलणं एकमेकांवर आपटतं. आखातात गेलेल्यांच्या घरची मंडळी यायची, त्यांना आम्ही आधी शिकवायचो, आपलं बोलून झालं की गप्प थांबायचं, मनात एक म्हणायचं, मग ऐकायचं. एक आजी होत्या, त्यांना ते शेवटपर्यंत जमलं नाही, त्या मुलाचा आवाज आला की रडायलाच लागायच्या.

मग एसटीडी आलं, म्हणजे ऑपरेटरशिवाय बाहेरगावचा नंबर स्वतःच लावायची सोय, पिवळ्या पाट्यांची दुकानं आली. सी-डॉट या सरकारी संस्थेने १२८ लाइनचं छोटं एक्स्चेंज काढलं, एसीशिवाय चालणारं, खेड्यात धूळ-उकाड्यात टिकणारं, १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला पहिलं बसलं आणि मग गावोगाव पसरलं. लोकांचे हाल संपले, त्याचं मला मनापासून समाधान आहे, तासन् तास एका कॉलसाठी बसलेली माणसं मी पाहिलीयत. पण आमचा बोर्ड निघाला तेव्हा एक तरी पोझिशन, म्हणजे एका ऑपरेटरपुरता बोर्डाचा भाग, ठेवा, कोपऱ्यात उभी करा, शाळेच्या मुलांना दाखवता येईल, असा अर्ज आम्ही सहाजणींनी सह्या करून वर दिला होता. उत्तर आलं नाही. एका सोमवारी ड्यूटीवर गेले तर खोली रिकामी, जमिनीवर बोर्डाच्या आकाराचा चौकोन तेवढा स्वच्छ राहिलेला. किलोवर भंगारात गेला असं नंतर कळलं. माझ्याकडे फक्त माझा हेडसेट आहे, तो मी रीतसर पैसे भरून घेतला.

तारेच्या बाबतीतही तेच. १४ जुलै २०१३ ला शेवटच्या दिवशी लोकांनी तार ऑफिसात रांगा लावल्या, आठवण म्हणून स्वतःलाच तारा केल्या, सगळ्या पेपरांनी फोटो छापले. पण त्या शेवटच्या तारा कॉम्प्युटरवरून गेलेल्या होत्या. मोर्सचं कट्ट कडकट्ट त्याच्या कितीतरी आधी, टाइप करून संदेश पाठवणारा टेलिप्रिंटर आला तेव्हाच बंद पडत गेलं, आणि ते बंद पडताना कोणी फोटो काढले नाहीत.

म्हणून माझी विनंती अशी आहे. दिघी, दौंड आणि आर्वीला इथे काय झालं ते सांगणारी मराठी पाटी लागावी यासाठी आपल्या पेपराने पाठपुरावा करावा. दुसरं म्हणजे आठवड्यातून एक छोटी जागा अशा माणसांसाठी ठेवा, तार मास्तर, लाइनमन, ऑपरेटर, घरोघर तार वाटणारे, खडकी-दौंडला वायरलेसवर काम केलेल्यांच्या घरची मंडळी. त्यांना लिहायला जमणार नाही, कोणीतरी जाऊन बसलं पाहिजे, मोबाइलवर रेकॉर्ड केलं तरी चालेल. तालुक्याच्या वाचनालयात एक कपाट मिळालं तर एखादी मोर्सची की म्हणजे संदेश ठोकायची पट्टी, एक इन्शुलेटर, चार जुनी तिकिटं एवढं ठेवायला पुरेल, माझा हेडसेट मी द्यायला तयार आहे. फक्त हे लवकर व्हायला पाहिजे, कारण मीच आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात लहान आहे.

आमच्या ऑफिसातले जुने तार मास्तर आता ९१ वर्षांचे आहेत. मागच्या महिन्यात भेटायला गेले होते. सिनेमात मोर्स म्हटलं की पीं पीं असा आवाज दाखवतात, ते त्यांना अजिबात पटत नाही. तारेच्या साउंडरमध्ये, म्हणजे आलेला संदेश ऐकवणाऱ्या यंत्रात, सूर नसायचाच, नुसते दोन ठोके, पट्टी खाली आली की एक, वर गेली की एक, त्या दोघांत किती वेळ गेला त्यावरून टिंब का रेघ ते ओळखायचं. आणि समोरून कोण पाठवतंय तेसुद्धा ठोक्यांवरून कळायचं, हा मिरजेचा हात, हा सोलापूरचा. मी म्हटलं, दाखवा की मास्तर. त्यांनी पुढ्यातली स्टीलची वाटी पालथी घातली, चमच्याने त्यावर वाजवायला लागले आणि एकदम हात ओळखू न येण्याइतका जलद झाला. मला मोर्स येत नाही, मी विचारलं काय पाठवलंत, तर म्हणाले तुझं नाव आणि सुखरूप पोच. हे रेकॉर्ड करायचं माझ्या लक्षातच आलं नाही. कोणी जाणार असेल तर पत्ता मी तुमच्या कार्यालयात कळवते, सकाळी अकरापर्यंत त्यांना चांगलं ऐकू येतं, नंतर थकतात.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, पुणे